कलीसा आणि कयामत

उर्दूत चर्चसाठी दोन शब्द आहेत, गिरजा आणि कलीसा. गिरजा पोर्तुगीजांच्या 'इग्रेझा'वरून आपल्याकडे आला, कलीसा फारसीच्या वाटेने आला. दोन्ही शब्दांचे मूळ मात्र एकच, ग्रीक भाषेतील 'एक्लेसिया'. या मूळ शब्दाचा अर्थ इमारत असा नाही. हाक देऊन एकत्र जमवलेली माणसे, असा आहे. मराठी प्रॉटेस्टंट बांधव त्यासाठी 'मंडळी' म्हणतात. तो शब्द मूळ अर्थाच्या इतका जवळ जातो की, भाषा शिकवणाऱ्या माणसाला त्याचा हेवा वाटावा.

या मंडळीचे कयामतीच्या वेळी स्थान काय, हा या लेखाचा विषय आहे. जगाचा शेवट होण्याआधी ज्या गोष्टी घडायच्या म्हणून धर्मग्रंथांत सांगितले आहे, त्या कोणाच्या हातून आणि कोणाच्या बाबतीत घडायच्या? ख्रिस्ती मंडळीच्या, की यहुदी लोकांच्या? प्रश्न पाद्र्यांच्या वर्गातला वाटेल. परंतु या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात बदलले आणि त्या बदलाचा भार जेरुसलेम, हैफा, बेथलेहेम येथील माणसांवर पडला. त्यांत आपले मुसलमान होतेच. पण जगातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती मंडळीही होत्या. ही दुसरी गोष्ट आपल्या लिखाणात सहसा येत नाही.

आपण या विषयाला अगदी परके नाही. हजरत ईसा (अ.) पुन्हा येतील अशी मुसलमानांचीही श्रद्धा आहे. आपल्याकडचा दज्जाल आणि त्यांच्याकडचा ख्रिस्तविरोधक यांच्यात बरेच साम्य आहे. म्हणूनच हा इतिहास वाचताना दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखे वाटत नाही.

बायबलच्या शेवटी 'प्रकटीकरण' नावाचे पुस्तक आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन बादशाह डोमिशियनच्या काळात, पात्मोस बेटावर असलेल्या योहानाला झालेले ते दर्शन, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या विसाव्या अध्यायात सैतानाला हजार वर्षे बांधून ठेवल्याचे आणि ख्रिस्ताबरोबर त्याच्या लोकांनी हजार वर्षे राज्य केल्याचे वर्णन येते. सुरुवातीच्या शतकांत पेपियस, जस्टिन, आयरेनियस यांच्यासारख्या मोठ्या धर्मशिक्षकांनी हे हजार वर्षांचे राज्य शब्दशः घेतले. ज्यांना रोमन अधिकारी सिंहांपुढे टाकत होते, त्यांनी येणाऱ्या राज्याची वाट पाहावी हे स्वाभाविकच होते.

पुढे चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशाह स्वतःच ख्रिस्ताच्या बाजूला आला. छळ संपला. मग वाट कशाची पाहायची? याचे उत्तर संत ऑगस्टिन यांनी दिले. ते आफ्रिकेतील हिप्पो शहराचे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबाचे बिशप. सन 410मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटल्यावर सारे जग हादरले होते. त्या पार्श्वभूमीवर त्यांनी 413 ते 426 या काळात 'ईश्वरनगरी' हा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याच्या विसाव्या भागात ते सांगतात की, हजार वर्षांचे राज्य पुढे कधी यायचे नाही. ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून ते सुरूच आहे आणि मंडळी हेच ते राज्य होय. हजार हा आकडा मोजायचा नसून पूर्णत्व दाखवणारा आहे. एके काळी आपणही शब्दशः अर्थ मानत होतो, हेही ते मोकळेपणाने नमूद करतात.

हा विचार पुढे हजारभर वर्षे युरोपवर राहिला. त्याचा एक मोठा फायदा झाला. अंताची तारीख काढण्याचा धंदा अधिकृत धर्मपीठाने कधी उचलून धरला नाही. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्व वचने मंडळीतच पुरी झाली असतील, तर ज्यांना ती पहिल्यांदा दिली त्या यहुदी लोकांचे काय? ऑगस्टिन म्हणाले, त्यांना मारू नका. त्यांनी विखुरलेले राहून आपल्या ग्रंथांची साक्ष द्यावी. 'मारू नका' हे पुढच्या पिढ्या विसरल्या, 'विखुरलेले' तेवढे लक्षात राहिले. 1096मध्ये पहिल्या क्रुसेडला निघालेल्या टोळ्यांनी जेरुसलेमला पोहोचण्याआधीच ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या शहरांतील यहुद्यांची कत्तल केली. 1290मध्ये इंग्लंडच्या राजाने यहुद्यांना देशाबाहेर काढले. यहुदी द्वेषाचा हा इतिहास युरोपच्या ख्रिस्ती समाजाचा आहे. तो लपवून पुढच्या गोष्टी समजत नाहीत.

क्रुसेडच्या काळातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. 1187मध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांनी जेरुसलेम परत घेतले. ते सोडवायला इंग्लंडचा राजा रिचर्ड निघाला आणि 1190-91चा हिवाळा त्याने सिसिलीतील मेसिना बंदरात काढला. तेथे त्याने फियोरेचे मठाधिपती योआकिम यांना बोलावून घेतले. योआकिम भविष्यवाणीचे मोठे जाणकार मानले जात. त्यांनी राजाला प्रकटीकरणातील सात डोक्यांच्या अजगराचा अर्थ सांगितला. रॉजर ऑफ हाउडन या इंग्रज इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार, त्यातील सहावे डोके म्हणजे सलाहुद्दीन आणि तो लवकरच जेरुसलेम गमावेल, असे योआकिम म्हणाले. सातवे डोके ख्रिस्तविरोधकाचे. तो जन्मला असून रोममध्येच आहे, आणि तो पोपच्या गादीवर बसेल, असेही त्यांनी सांगितले. हे ऐकून राजासोबतच्या बिशपांशी वाद झाला. 1192मध्ये रिचर्ड सलाहुद्दीनशी तह करून जेरुसलेम न घेताच परतला. सहावे डोके शाबूत राहिले. पण योआकिमची पुस्तके वाचणारे कमी झाले नाहीत. भविष्य चुकल्याने भविष्य सांगणाऱ्याची किंमत कमी होत नाही, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

मार्टिन ल्यूथर यांना पोप आणि तुर्क हे शेवटच्या काळाचे दोन शत्रू वाटत. 1529मध्ये उस्मानी फौज व्हिएन्नाच्या तटाखाली होती, तेव्हा असे वाटणे नवलाचे नव्हते. तरीही ल्यूथरपंथीयांच्या 1530च्या आउग्सबर्ग कबुलीजबाबाने पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची कल्पना नाकारली. चारच वर्षांनी म्यून्स्टर शहरात काही अतिउत्साही लोकांनी असे राज्य स्थापून दाखवले. त्याचा शेवट उपासमारीत आणि रक्तपातात झाला. पुढे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट घरांत भविष्यवाणीचे गणित लोकप्रिय झाले. प्रकटीकरणातील टोळधाड म्हणजे अरब, आणि फरात नदीचे आटणे म्हणजे उस्मानी सल्तनतीचा ऱ्हास, असे अर्थ लावले गेले. अमेरिकेत विल्यम मिलर यांनी 2300 दिवसांची 2300 वर्षे धरून हिशेब मांडला, त्यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली आणि 23 तारखेची सकाळ नेहमीसारखी उगवली.

या सर्वांपेक्षा वेगळा माणूस म्हणजे जॉन नेल्सन डार्बी. त्यांचा जन्म 1800चा. आयर्लंडमधील विकलो परगण्यात ते अँग्लिकन पाद्री होते. 1827मध्ये घोड्यावरच्या अपघातात जायबंदी होऊन ते बराच काळ पडून राहिले. त्या काळात केलेल्या बायबलच्या वाचनातून त्यांचे मत बनले की, खरी मंडळी कोणत्याही सरकारी चर्चमध्ये नाही. ती ख्रिस्ताशी जोडलेली, स्वर्गाची प्रजा आहे. पुढे ते प्लिमथ ब्रदरन नावाने ओळखल्या गेलेल्या पंथाचे पुढारी झाले.

त्यांचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सर्व काही त्यावर उभे आहे. दानीएलाच्या पुस्तकात सत्तर सप्तकांची भविष्यवाणी आहे. एक सप्तक म्हणजे सात वर्षे, असे धरले तर एकूण 490 वर्षे होतात. डार्बींच्या मते 69 सप्तके, म्हणजे 483 वर्षे, मसीहापर्यंत संपली. यहुद्यांनी त्याला नाकारले आणि घड्याळ तेथेच थांबले. उरलेली सात वर्षे अजून यायची आहेत. मधला सारा काळ, ज्यात कलीसा आहे, पोप आहेत, ल्यूथर आहेत, आपण सर्व आहोत, तो काळ या भविष्यवाणीत मोजलेलाच नाही. तो एक कंस आहे. मंडळी एके दिवशी अचानक वर उचलली जाईल, म्हणजेच 'रॅप्चर' होईल, आणि घड्याळ पुन्हा सुरू होईल. त्यानंतर पृथ्वीवरील सर्व वचने यहुदी राष्ट्राच्या बाबतीत, त्याच भूमीत, शब्दशः पुरी होतील. गणितात आपण मुलांना आधी कंस सोडवायला शिकवतो. डार्बींनी कंस उचलून बाजूला ठेवला.

यात एक वरकरणी उदार बाजू आहे. यहुद्यांची जागा आम्ही घेतली, हा जुना अहंकार येथे नाही. देवाने त्यांना दिलेले वचन मोडले नाही, असे डार्बी म्हणतात. परंतु त्या वचनाचा शेवट काय, हे वाचले की अंगावर काटा येतो. सात वर्षांच्या महासंकटात जखऱ्याच्या भविष्यवाणीप्रमाणे यहुद्यांपैकी दोन तृतीयांश मरतील आणि उरलेले ख्रिस्ताला मान्य करतील, असे या परंपरेतील अनेक लेखक मानतात. ज्यांच्यावर एवढे प्रेम, त्यांच्यासाठी शेवटी हे राखून ठेवलेले. आणि त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्या अरबांना तर या आराखड्यात नावही नाही.

डार्बी 1862 ते 1877 या काळात अनेकदा अमेरिकेत व कॅनडात गेले. त्यांचा विचार घरोघरी नेला तो सायरस स्कोफील्ड यांनी. 1909मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांची टीपांसहित बायबल छापली. युक्ती साधी होती. पवित्र वचन वर आणि स्कोफील्ड यांचा अर्थ त्याच पानावर खाली. वाचणाऱ्या शेतकऱ्याला वा कारकुनाला दोन्हींत फरक राहिला नाही. मूळ ग्रंथ आणि भाष्य एकाच पानावर छापण्याचे परिणाम आपल्या मदरशांतून शिकलेल्यांनाही माहीत आहेत.

डार्बींच्या आधीपासूनच ब्रिटिश राजकारणात ही ओढ शिरली होती. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्यासारख्या धार्मिक पुढाऱ्यांना यहुदी जेरुसलेमला परतावेत असे वाटे. 1838मध्ये ब्रिटनने जेरुसलेमला वकिलात उघडली आणि 1841मध्ये प्रशियाच्या सहकार्याने तेथे प्रॉटेस्टंट बिशपची गादी निर्माण केली. पहिले बिशप मायकल सॉलोमन अलेक्झांडर हे जन्माने यहुदी होते, ही निवड योगायोगाची नव्हती. अमेरिकेत विल्यम ब्लॅकस्टोन यांनी 1891मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांना पॅलेस्टाइन यहुद्यांना मिळावे म्हणून निवेदन दिले. त्यावर 413 प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या आणि त्यांत रॉकफेलर व मॉर्गनही होते. थिओडोर हर्झल यांचे 'यहुदी राज्य' हे पुस्तक निघायला अजून पाच वर्षे होती.

हर्झल यांच्याकडे 1896च्या मार्चमध्ये एक अँग्लिकन पाद्री आले. विल्यम हेक्लर त्यांचे नाव. ते व्हिएन्नातील ब्रिटिश वकिलातीचे धर्मगुरू होते. त्यांचा हिशेब मुसलमान वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावा. प्रकटीकरणात परकी लोक पवित्र नगरी 42 महिने तुडवतील असे आहे. 42 महिने म्हणजे 1260 दिवस, एका दिवसाचे एक वर्ष. मोजणी कोठून सुरू करायची? हेक्लर यांनी ती हजरत उमर (रजि.) यांनी जेरुसलेम घेतले तेथून, म्हणजे 637-38पासून केली. बेरीज 1897-98वर येते. म्हणून हर्झल यांचे पुस्तक पाहताच त्यांना वेळ भरल्याची खात्री पटली. त्यांनी हर्झल यांची बाडेनच्या ग्रँड ड्यूकशी गाठ घालून दिली आणि त्या वाटेने हर्झल जर्मन कैसरपर्यंत पोहोचले. हर्झल स्वतः धार्मिक नव्हते. पण राजदरबारचे दार उघडत असेल, तर ते कोणत्या किल्लीने उघडते याची त्यांनी फिकीर केली नाही.

रिवायत अशी की, त्याच उमर (रजि.) यांना जेरुसलेमच्या बिशपांनी मुख्य चर्चमध्ये नमाज पढण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली, उद्या मुसलमान या जागेवर हक्क सांगतील, असे कारण दिले. त्या चर्चच्या किल्ल्या आणि दरवाजा सांभाळण्याचे काम जेरुसलेममधील जौदा आणि नुसैबा या दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. हेक्लर यांच्या गणितात मात्र त्या दिवसापासून नगरी तुडवली जात होती.

2 नोव्हेंबर 1917चे बाल्फोर घोषणापत्र भविष्यवाणीतून निघाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पहिले महायुद्ध, सुवेझ कालवा, रशिया आणि अमेरिकेतील जनमत ही कारणे जास्त वजनाची होती. पण बायबलवर वाढलेल्या मंत्र्यांना ती कल्पना विचित्र वाटली नाही, हे खरे. पॅलेस्टाइनची 1922ची शिरगणती पाहा. एकूण वस्ती साडेसात लाखांहून थोडी अधिक. त्यांत मुसलमान सुमारे 78 टक्के, यहुदी 11 टक्के, ख्रिस्ती जवळजवळ 10 टक्के. घोषणापत्रात या 78 आणि 10 टक्क्यांचा उल्लेख 'गैरयहुदी समाज' एवढाच आहे. ते काय नाहीत, इतकेच सांगितले. ते कोण आहेत हे नाही.

यहुद्यांनाही या नकाशात चेहरा नव्हता. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल, ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, 1948नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तेथे लग्नाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली आणि पूर्ण मान्यता मिळवायला त्यांना 1964पर्यंत झगडावे लागले. भविष्यवाणीतला 'यहुदी' आणि मराठी बोलणारा, नारळाचे दूध घालून सणाचे पदार्थ करणारा यहुदी यांत किती अंतर असते!

1948 आणि विशेषतः जून 1967नंतर अमेरिकेत या साहित्याला पूर आला. हॅल लिंडसे यांचे 1970चे 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' हे त्या दशकात तेथे सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांपैकी होते. 1995पासून निघालेल्या 'लेफ्ट बिहाइंड' कादंबऱ्यांच्या 6 कोटींहून जास्त प्रती खपल्या. मंडळी उचलली गेल्यावर मागे राहिलेल्यांची ती गोष्ट आहे.

21 ऑगस्ट 1969 रोजी डेनिस मायकल रोहन नावाच्या ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती तरुणाने मस्जिद अल-अक्सात आग लावली. मंदिर पुन्हा बांधले जावे आणि ख्रिस्ताचे येणे जवळ यावे, अशी त्याची समजूत होती. तो अमेरिकन प्रचारक हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांचे साहित्य वाचत असे. आर्मस्ट्राँग डार्बीपंथी नव्हते, आणि त्यांच्या संस्थेने रोहन आपला सदस्य नसल्याचे सांगितले. न्यायालयाने रोहनला मनोरुग्ण ठरवले. आगीत एक मिंबर जळाले. नूरुद्दीन झंगी यांनी जेरुसलेम हाती येण्याआधीच, या भरवशावर ते हलब शहरात घडवून घेतले होते. 1187मध्ये सलाहुद्दीन यांनी ते तेथे आणून बसवले. लाकडाचे हजारो तुकडे एकात एक गुंफून केलेले ते काम. त्याची प्रतिकृती जॉर्डनने तयार करवून घेतली आणि ती 2007मध्ये बसवली गेली. मधे 38 वर्षे गेली.

रोहनला वेडा म्हणून सोडून देता येईल. पण आपल्या घरातही असे घडले आहे. 20 नोव्हेंबर 1979 रोजी, हिजरी 1400च्या पहिल्याच दिवशी, जुहैमान अल-उतैबीच्या लोकांनी आपल्यातील एकाला महदी जाहीर करून खुद्द काबागृहाची मस्जिद ताब्यात घेतली. दोन आठवड्यांच्या चकमकीत शेकडो माणसे मेली. त्या घडीचे ज्ञान अल्लाहलाच आहे, ही कुरआनची शिकवण आणि त्या दिवसाची खबर कोणालाही नाही, हा मार्कच्या शुभवर्तमानातील हजरत ईसांचा बोध, दोन्ही असताना हे घडते. उर्दू बाजारात 'कयामत की निशानियां' छापाच्या पुस्तिका आजही नव्या युद्धाबरोबर नव्या मुखपृष्ठासह निघतात.

ऑगस्टिन आणि डार्बी यांच्याहून निराळे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात दिले गेले. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवांसाठी मुक्ती सदन उभारले होते. 1905मध्ये तेथे मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रात्रंदिवस प्रार्थना करू लागल्या. त्यांच्या सहकारी मिनी एब्रॅम्स यांनी 1906मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली आणि ती पार चिली देशापर्यंत गेली. पीक पिकण्याआधी पॅलेस्टाइनमध्ये शेवटचा पाऊस पडतो. जगाच्या अंताआधी मंडळीवर पवित्र आत्म्याचा तसाच वर्षाव होईल, अशी ही श्रद्धा होती. म्हणजे येथे मंडळी कंसात नाही. ती स्वतःच शेवटची खूण आहे. या वाट पाहण्यात कोणाची जमीन लागत नव्हती. रमाबाई वाट पाहत असताना शाळा चालवत होत्या, छापखाना चालवत होत्या आणि बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. 1922मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही.

जगातील बहुसंख्य ख्रिस्ती, म्हणजे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स, डार्बींचे गणित मानत नाहीत. व्हॅटिकनच्या 1965च्या जाहीरनाम्याने यहुद्यांवरचा सामूहिक दोष काढून टाकला आणि मुसलमानांबद्दलही आदर व्यक्त केला. 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची कल्पना पुन्हा नाकारली. आणि जेरुसलेमचे चर्च तर स्वतः बोलले. नाईम अतीक हे पॅलेस्टिनी अँग्लिकन पाद्री. 1948मध्ये त्यांच्या कुटुंबाला बैसान गावातून घालवून दिले गेले. देवाचे वचन ऐकूनच आपल्याला बेघर केले जाते, तर ते वचन आपण कसे वाचायचे, हा प्रश्न त्यांनी 1989च्या आपल्या पुस्तकात मांडला. 22 ऑगस्ट 2006 रोजी जेरुसलेमचे लॅटिन, सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि ल्यूथरन धर्मप्रमुख यांनी एकत्र येऊन 'ख्रिस्ती झायोनवाद' ही खोटी शिकवण असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन हॅगी यांनी नेमक्या उलट हेतूने 'ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल' ही संघटना काढली.

6 डिसेंबर 2017 रोजी जेरुसलेमच्या 13 चर्चप्रमुखांनी अमेरिकन अध्यक्ष ट्रम्प यांना पत्र लिहून शहराचा दर्जा बदलू नये अशी विनंती केली. ट्रम्प यांनी त्याच दिवशी जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता दिली. 14 मे 2018 रोजी तेथे वकिलात उघडली तेव्हा समारंभात प्रार्थना म्हणायला रॉबर्ट जेफ्रेस आणि हॅगी हे अमेरिकन पाद्री होते.

19 ऑक्टोबर 2023 रोजी गाझा शहरातील सेंट पॉर्फिरियस या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारावर इस्रायली हवाई हल्ल्याचा मारा झाला. आसरा घेतलेली डझनाहून अधिक माणसे त्यात मेली. या चर्चला लागूनच मस्जिद आहे, दोघांची भिंत एक आहे. आजची इमारत बाराव्या शतकातील. पण ज्यांचे नाव तिला दिले ते पॉर्फिरियस पाचव्या शतकाच्या आरंभी गाझाचे बिशप होते. त्यांचा मृत्यू 420चा. हिप्पोत ऑगस्टिन तेव्हा 'ईश्वरनगरी' लिहीत होते.